टिंब

मी ड्रमकेअर्न क्लबची स्कोअरर.
पोस्टातून निवृत्त झाले, हात रिकामा राहवेना,
शिक्का गेला तिथे पेन्सिल आली.
लोर्कन डेव्हेनी माझ्या वहीत पहिल्यांदा आला
तो 'बदली' म्हणून. नावसुद्धा लिहिलं नव्हतं.

वय एकतीस. डावा कान फुलकोबीचा गड्डा,
खांद्यावर तीन ऑपरेशनांच्या शिवणी,
आणि चाल अशी, की अजूनही कुणीतरी
उजव्या कुशीतून रेटतंय.
बेलफास्टला सात वर्षं रग्बी खेळला, पगारी.
एकसष्ट सामने.
मग दोन ओळींचं पत्र,
त्यातली एक आभाराची.

त्या शनिवारी तो बापाला न्यायला आला होता.
पॅट्सी चहाचं बाक सोडेना,
आणि आमचा एक गडी गाय अडली म्हणून गोठ्यात.
"नुसता उभा राहा रे सीमारेषेपाशी," कप्तान म्हणाला.
हा राहिला. गमबुटांत.

चेंडू आला.
त्याने तो अडवला नाही, आडवा पाडला,
डोकं एका बाजूला घेऊन, सगळं अंग झोकून,
माणसाला पाडतात तसा.
उठला तर चेंडू छातीशी, दातांत गवत,
आणि निव्वळ सवयीने
त्याने तो मागे दिला.
मागे कुंपण. कुंपणापलीकडे मेंढ्या आणि फॉइल नदी.
चार धावा. मी मांडल्या.
हसताना शिसं मोडलं.

रग्बीत चेंडू पुढे देणं पाप.
इथे पुढेच फेकायचा, हे अंगात मुरायला
त्याला एक अख्खा उन्हाळा लागला;
आमचा उन्हाळा, म्हणजे अकरा शनिवार,
त्यातले पाच पावसाने नेलेले.

"अवघड काय वाटतं?" मी विचारलं एकदा.
माझं चर्च वेगळं, त्याचं वेगळं, किटली एकच.
"एकटं असणं," तो म्हणाला.
"स्क्रममध्ये मानेवर सात जणांचे श्वास असतात.
इथे फाइन लेगला मी आणि तो बगळा."

बगळ्याला त्याने नाव ठेवलं होतं.
मला कधी सांगितलं नाही.

मग दुसरा संघ, पहिला संघ, प्रांताचा संघ.
दिवसभर सायलेज ओढायचं, संध्याकाळी नेटमध्ये
त्याच शिवलेल्या खांद्यातून चेंडू आत आणायचा.
चौतिसाव्या वर्षी फोन आला तेव्हा
तो बुळबुळीत अंगणात पाइप धरून उभा होता.
म्हणे आधी पाणी बंद केलं, मग हो म्हणाला.

मॅलाहाइडला मी गेले, वही माझी माझी घेऊन.
हिरवी टोपी त्या कानावर बसेना,
एका अंगाला कलली, दिवसभर कललेलीच राहिली.
बळी एक. शेवटच्या दिवशी दहाव्या क्रमांकावर
त्रेचाळीस चेंडू, तीन धावा, नाबाद.
हरलो.
पुढे आणखी एक कसोटी, तिच्यात तेवढंही नाही.
मग खांदाच म्हणाला, पुरे.

ऑक्टोबरात तो वही बघायला आला.
क्लबच्या खोलीत रंगाचा वास, रोलर झाकलेला.
"ही काय आहेत?"
टिंबं, म्हटलं. ज्या चेंडूवर काही झालं नाही, त्याचं टिंब.
"तेही लिहिता?"
लिहावंच लागतं. नाहीतर षटक जुळत नाही.

तो गप्प बसला.
मग म्हणाला, सात वर्षं मी ढिगाच्या तळाशी होतो.
कुणाचा तरी पाय धरून, दुसरा कुणी पळावा म्हणून.
ते कुठे लिहिलेलं असेल का?
मी पोस्टातली बाई, खोटं पत्ते शोधत नाही.
नसेल, म्हटलं.

टोस्ट खाता खाता तो बोटाने टिंबं मोजू लागला,
ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखा.
चाळीस होती, मला पाठ होतं, मी बोलले नाही.
एकतिसावर असताना पॅट्सीने बाहेर हॉर्न वाजवला.

त्या पानाला अजून लोण्याचा डाग आहे.
खोडरबराने जात नाही.
करून पाहिलं.